हात वर करा म्हटलं की सगळ्यांचे वर, आणि जिन्यात भेटले की सगळेच म्हणतात मला नको होतं

होटगीरोडवाला
मंडळी, तीन दिवस डोक्यात एकच गोष्ट फिरतेय, घरात सांगून झाली, आता इथं टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी सोलापुरात होटगी रोडला, २४ फ्लॅटची. रविवारी पार्किंगमध्ये गणपतीची मीटिंग होती. खुर्च्या बारा, बाकीचे स्कुटीच्या सीटवर टेकून. समोर प्लास्टिकचं टेबल, त्यामागं कमिटीचे तिघं, म्हणजे चेअरमन काका, सेक्रेटरी आणि खजिनदार. चेअरमन काका बँकेतनं रिटायर झालेत, साहेब होते तेव्हाची सवय म्हणून अजून हिरव्या शाईचं पेन वापरतात, नोटीस हिरव्या शाईत, मेंटेनन्सची पावती हिरव्या शाईत, बाकीचे दोघंपण त्याच पेनानं सह्या करतात.

विषय एकच. यंदा विसर्जनाला डीजे लावायचा आणि त्यासाठी घरटी पाच हजार वर्गणी. गेल्या वर्षी अकराशे होती. मागं उभी असलेली चार पोरं तर आधीच ॲडव्हान्स देऊन आल्यासारखी बोलत होती. सेक्रेटरी म्हणाले, "बाजूच्यांनी लावलाय, आपण काय कमी हाय का?" आणि लगेच, "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

आता माझ्या घरात आई आहे, बायपास झालेली. मागच्या वर्षी रस्त्यावरनं एका मंडळाचा डीजे गेला तेव्हा खिडकीच्या काचा वाजत होत्या आणि आई दोन्ही कानांवर उशी दाबून बाथरूममध्ये स्टुलावर बसली होती, कारण घरात आवाज त्यातल्या त्यात तिथंच कमी. म्हणजे मी नको म्हणणारच होतो. तोंड उघडायच्या आत तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंचा हात वर गेला, मग त्यांच्या शेजारच्यांचा, मग एकदम दहाबारा, आणि मग माझा. माझा हात बे! मी वर केला असं म्हणवत नाही, तो गेला. ठराव सर्वानुमते मंजूर, टाळ्या, पोरांच्या शिट्ट्या.

पुढची गंमत ऐका. जिना चढताना तेच भाऊ मला म्हणतात, "पाच हजार जरा जास्तच झाले की हो, आणि तुमच्या आईंना त्रास होईल ते वेगळंच." म्हटलं मग हात कशाला वर केला? तर म्हणे, "सगळ्यांनी केला की." अहो पहिला हात तुमचा होता! तर म्हणे समोर कमिटीच्या तिघांनी आधीच वर केलेला. रात्री दूध आणायला गेलो तर तळमजल्यावरच्या वहिनी तेच. सोमवारी लिफ्टमध्ये अजून एक जण तेच. आजपर्यंत मोजून सात लोकांनी मला सांगितलं की आम्हाला नको होतं.

हा काय प्रकार आहे? आपण एवढे शेळपट आहोत का?

शेंगाचटणी
सात आणि तू आठ. अजून पाच भेटले की बहुमत झालं बे, लिफ्टमध्येच ठराव घे.

कडकभाकरी
आमच्याकडं उलटं. मामेबहिणीच्या लग्नात आहेर घ्यायचा नाही असं पत्रिकेत छापलं होतं, तरी प्रत्येक जण पाकीट खिशात घालून आलेला, कारण बाकीचे देतील आणि आपणच रिकाम्या हातानं दिसू. शेवटी सगळ्यांनी दिलं. मामा घेताना रडकुंडीला आला होता.

वर्गशिक्षिका
ज्युनियर कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे हात शिवशिवले. शेळपट वगैरे काही नाही हो.

सॉलोमन ॲश नावाच्या माणसानं १९५१ मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्या कार्डावर लहानमोठ्या तीन. पहिल्या रेघेएवढी तिघींतली कुठली, एवढंच सांगायचं. बालवाडीतलं पोर सांगेल असा प्रश्न. खोलीत सात-आठ जण ओळीनं बसलेले, पण त्यातला एकच खरा, बाकी सगळे ॲशनं पढवून बसवलेले, आणि खऱ्याचा नंबर शेवटी शेवटी. एकूण १८ फेऱ्या, त्यातल्या १२ फेऱ्यांत पढवलेले सगळे एकसुरात धडधडीत चुकीची रेघ सांगायचे. एकट्याला विचारलं तर या प्रश्नात चूक जवळजवळ होतच नाही. इथं मात्र त्या बारा फेऱ्यांतली साधारण ३७ टक्के उत्तरं गटाच्या मागं गेली, आणि चारातले तीन जण निदान एकदा तरी घसरले.

नंतर त्यांना विचारलं तर काही म्हणाले आम्हाला वाटलं आमचेच डोळे बिघडले असतील, काही म्हणाले दिसत होतं बरोबर पण वेगळं पडायला नको वाटलं. तुमचे तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ दुसऱ्या प्रकारातले.

आणि आता तुमच्या टेबलाकडं बघा. समोर चुकीचं सांगणारा एकच असेल तर माणूस फारसा हलत नाही. दोघं असले तर थोडा. तिघं झाले की दाब जवळपास पूर्ण, पुढं माणसं वाढवून फार फरक पडत नाही. तुमच्या टेबलामागं किती होते? तीन.

पण मला सगळ्यात आवडतो तो याच प्रयोगाचा दुसरा भाग. पढवलेल्यांमधल्या एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं, तर चुका ३७ वरनं ५ टक्क्यांच्या आसपास आल्या. एक माणूस! आणि उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं तरी चुका बऱ्याच कमी झाल्या.

नुस्तं_वाचतो
मॅडम, १९५१ ची अमेरिकन कॉलेजची पोरं आणि होटगी रोडची सोसायटी, काय संबंध? तिथं रेघ होती, इथं शेजारी आहेत. उद्या पाण्याचा टँकर मागवायचा झाला तर याच लोकांच्या दारात जायचंय. मी तर म्हणतो याला दबाव नाही, व्यवहार म्हणतात.

वर्गशिक्षिका
बरोबर पकडलंत. म्हणूनच आपल्याकडं दाब जास्त असतो. १९९६ मध्ये बाँड आणि स्मिथ या दोघांनी १७ देशांत झालेले असले १३३ प्रयोग एकत्र तपासले, तर जिथं माणूस स्वतःपेक्षा घर, भावकी, गाव यांच्यात जास्त गुंतलेला असतो तिथं गटाच्या मागं जायचं प्रमाण जास्त निघालं. ॲशच्या खोलीतले लोक एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते, बाहेर पडले की संपलं. तुम्हाला त्याच जिन्यानं रोज चढायचंय.

बाळीवेस_८४
मी एक भानगड केलेली आहे, सांगतो. कॉलेजात असताना कुठंतरी वाचलं की न्यूयॉर्कमध्ये मिलग्रॅम नावाच्या मानसशास्त्रज्ञानं फुटपाथवर माणसं उभी करून त्यांना समोरच्या बिल्डिंगच्या सहाव्या मजल्याच्या खिडकीकडं नुसतं बघायला सांगितलं होतं. एकटा बघत असला तर शंभरातले चार जण थांबायचे, पंधरा जण बघत असले तर चाळीस थांबायचे, आणि न थांबता चालता चालता वर बघणारे धरले तर शंभरात ८६.

आम्ही पाच जण गेलो नवी पेठेत, संध्याकाळी सहाला, ऐन गर्दीत. एका दुकानाच्या वर पाण्याची काळी टाकी होती, तिच्याकडं बघत उभे राहिलो, बोट नाही, बोलणं नाही. पहिल्यांदा एक शाळेतलं पोर थांबलं. मग सायकलवाला. मग हातगाडीवरच्या मावशी म्हणाल्या, "कोण चढलंय का रे वर?" बस्स. त्या बोलल्या आणि पुढच्या दोन मिनिटांत कोण चढलंय ते लोकच एकमेकांना सांगायला लागले. एक जण म्हणाला माकड हाय, एक म्हणाला वायरमन. आम्ही हळूच सटकलो, कोपऱ्यावर उसाचा रस पिला, परत आलो तर पंधरावीस जण अजून वर बघतायत आणि दुकानदार बाहेर येऊन सगळ्यांना विचारतोय काय झालं म्हणून. टाकी त्याचीच होती.

शेंगाचटणी
वायरमन 😂

टेरीटॉवेल
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे लूम आहेत, हॉटेलचे पांढरे टॉवेल काढतो, तर माझ्या धंद्यातला एक किस्सा. हॉटेलात बाथरूममध्ये कार्ड असतं बघा, पर्यावरणासाठी टॉवेल परत वापरा म्हणून. अमेरिकेत गोल्डस्टाइन, चाल्डिनी वगैरे संशोधकांनी कार्डावरचा मजकूर बदलून पाहिला, २००८ मध्ये छापून आलंय. नुसतं पर्यावरण लिहिलं तर साधारण ३५ टक्के लोकांनी टॉवेल परत वापरला. इथं उतरणारे बहुतेक पाहुणे परत वापरतात असं लिहिलं तर ४४ टक्के. आणि याच खोलीत राहून गेलेले बहुतेक जण वापरतात म्हटलं तर ४९. आता त्या खोलीत आधी कोण झोपून गेलं याच्याशी तुमचं काय नातं? पण लागू पडलं. (टॉवेल कमी धुतला तर जास्त टिकतो आणि माझी ऑर्डर लांबते, म्हणून मला हा अभ्यास आवडत नाही ते सोडा.)

याच चाल्डिनीचं अजून एक आहे ते सगळ्या सोसायटीवाल्यांनी वाचावं. ॲरिझोनात एक पार्क आहे, दगड झालेल्या जुन्या लाकडांचं, लोक तिथले तुकडे खिशात घालून न्यायचे. तिथं एक पाटी लावली की आजवर अनेकांनी लाकूड नेलं आणि त्यामुळं जंगलाचं रूप बिघडलं. दुसरी पाटी साधी, कृपया नेऊ नका. पहिल्या पाटीशी चोरी ८ टक्क्यांच्या जवळ, दुसऱ्या पाटीशी २ च्या आत. म्हणजे 'अनेकांनी नेलं' वाचून लोकांना बरं वाटलं, आपण एकटे नाही.

आमच्या सोसायटीत बोर्डावर कायम लिहिलेलं असायचं, "बऱ्याच सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही." मी स्वतः ते वाचून दोन महिने निवांत होतो.

होटगीरोडवाला
आमच्या बोर्डावरपण अगदी हेच वाक्य आहे. हिरव्या शाईत.

सोलापूर_ते_पुणे
स्टॅनफर्डचा तुरुंगवाला प्रयोग कुणी कसा सांगितला नाही अजून? पोरांना पहारेकरी केलं आणि ती राक्षस झाली वगैरे.

वर्गशिक्षिका
मुद्दाम नाही सांगितला. १९७१ चा तो प्रयोग दोन आठवड्यांचा होता, सहा दिवसांत बंद केला, इथपर्यंत खरं. पण पहारेकऱ्यांनी कडक वागावं असं त्यांना आयोजकांकडूनच सुचवलं गेलं होतं हे नंतर जुन्या टेपांवरनं बाहेर आलं. वर्गात सांगते, पण या टीपेसकट.

कडकभाकरी
दबाव म्हणजे नुसता वाईटच का? २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध पितो तो दिवस, मी चौथीत होते. आमच्या गल्लीतल्या देवळापुढं रांग, वडील विज्ञानाचे शिक्षक, सकाळी म्हणाले असं काही नसतं, दुपारी चमचा घेऊन रांगेत माझ्यापुढंच. घरी आल्यावर त्यांनीच स्टीलच्या पेल्याच्या कडेला चमचा टेकवून दाखवला, दूध तसंच ओढलं जातं, पृष्ठताण म्हणाले. मग विचारलं तुम्ही रांगेत का उभे राहिलात? म्हणाले, "आजी एकटी उभी राहिली असती." मला अजून ते उत्तर चुकीचं वाटत नाही.

नुस्तं_वाचतो
झालं, देवावर आली गाडी. दरवेळी आमचेच सण दिसतात का तुम्हाला?

कडकभाकरी
काका, मी रांगेत होते म्हणतेय. नीट वाचा की.

बाळीवेस_८४
भांडू नका. गड्ड्याला, आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला या म्हणजे दुसरी बाजू दिसंल. मी नंदीध्वजाच्या, म्हणजे मानाच्या उंच काठ्यांच्या मागं चालतो, पांढरी बाराबंदी घालून, गावाभोवतीच्या ६८ लिंगांचा पूर्ण फेरा. सात काठ्या, संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस पेलायचा सराव. एरवी हाच मी ऑफिसला दुसऱ्या मजल्यावर लिफ्टनं जातो. तिथं पाय दुखले तरी थांबवत नाही, कारण पुढचा थांबला नाही आणि मागचा बघतोय. आणि १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना पकडल्यावर याच गावातले गिरणी कामगार एकमेकांच्या जोरावर रस्त्यावर उतरले होते, मार्शल लॉ लावायला लागला सरकारला. एकेकटे घरी असते तर किती आले असते?

करमाळकर
रोज वाचतो, लिहीत नाही, आज लिहितो.

माझे काका वारले तेव्हा मी सतरा वर्षांचा. दहाव्याला काकूला अंगणात बसवलं होतं. बायका भोवती गोल करून उभ्या, एकीच्या हातात बांगड्या फोडायला दगड. त्यातली एकही बाई दुष्ट नव्हती, हे मला नीट सांगायचंय. त्यातली एक मला रोज ताक द्यायची. काकूनं हात मागं घेतला, तर जी आत्या स्वतः पंधरा वर्षांपूर्वी तशीच बसली होती तीच म्हणाली, "करून घे बाई, लोक बघतायत." लोक म्हणजे कोण? तिथं ती आणि अजून वीस बायका. त्या प्रत्येकीला वाटत होतं बाकीच्यांना हे हवंय. नंतर कितीतरी वर्षांनी यातल्या चौघींनी मला वेगवेगळं सांगितलं की आमच्यानं बघवत नव्हतं.

आमच्या करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी याच प्रथेविरुद्ध मोहीम घेतली आणि मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. लोक म्हणाले ठरावानं काय होतंय. मला वाटतं त्यानं एवढंच होतं की अंगणातल्या एखाद्या बाईला म्हणता येतं, "गावानं बंद केलंय की आता." तिला स्वतःच्या नावावर नको म्हणावं लागत नाही.

काकू यंदा माझ्या मुलीच्या बारशाला हिरव्या बांगड्या घालून आली. कोण काही बोललं नाही. दोघीतिघींनी बघितलं, आणि ताक देणाऱ्या मावशी म्हणाल्या, "कुठनं घेतल्यास गं?"

टेरीटॉवेल
🙏

वर्गशिक्षिका
करमाळकर दादा, उद्या वर्गात हे सांगितलं तर चालेल का? नाव-गाव न घेता.

करमाळकर
सांगा मॅडम. काकूचं नाव घेतलं असतं तरी तिनं चालेल म्हटलं असतं.

सोलापूर_ते_पुणे
जातपंचायतीचंपण हेच. २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला, पुढच्या वर्षी लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण पंचांच्या विरोधात तक्रार द्यायला पहिला कोण जाणार यावर सगळं अडतं. असो. होटगीरोडवाले, पुढं काय केलंत?

शेंगाचटणी
होय की, डीजेचं काय झालं ते सांग. रात्री दहा ते सकाळी सहा बंद असतो हे पोरांना सांगितलास का?

वर्गशिक्षिका
माझं ऐकाल तर वाद घालू नका. परत मीटिंग लावा, विषय वर्गणी ठेवा, आणि चिठ्ठ्या घ्या. हात वर नको.

होटगीरोडवाला
(अकरा दिवसांनी)
माफ करा, उशीर झाला. मॅडमचं ऐकलं, पण चिठ्ठीचा विषय काढायलाच मला चार दिवस लागले, कारण सेक्रेटरींना फोन लावला की नाव दिसायचं आणि मी कट करायचो. शेवटी भाऊंना म्हटलं तुम्ही सोबत या. ते म्हणाले तुम्ही बोलणार असाल तर येतो. असे दोघं गेलो. दारात उभं राहून मी म्हटलं, पाच हजारांबद्दल जरा कुरबुर ऐकतोय, तर परत एकदा विचारून घेऊ का, चिठ्ठीनं, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको. सेक्रेटरी म्हणाले, ठराव तर सर्वानुमते झालाय. भाऊ खाली बघून म्हणाले, "माझं मत नव्हतं." बस्स एवढंच. मला वाटलं आता चिडणार. ते म्हणाले, "चप्पल काढा, आत या."

रविवारी परत पार्किंग. तेच टेबल, तेच तिघं, टेबलावर तेच पेन. वहीचे कागद फाडून वाटले, लाडवाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. बाकीच्यांनी आपापलं पेन आणलेलं, निळी-काळी शाई. २२ घरं आलेली. पोरांसमोरच मोजायचं ठरलं आणि मोजायला मला बसवलं.

डीजे हवा ५. नको १७.

पोरं गप्प. एक जण म्हणाला मग मागच्या वेळी हात कशाला वर केले, आणि खरं सांगतो कुणालाच उत्तर देता आलं नाही, सगळे पार्किंगच्या फरशीकडं बघत होते. त्या पोराचं चुकलं नाही, त्याला वाटलेलं सगळे आपल्या बाजूला आहेत. ॲडव्हान्स त्यांनी खरंच दिलेला होता, दोन हजार, स्वतःच्या खिशातले. ते वर्गणीतनं परत द्यायचं ठरलं, ते मात्र हात वर करून.

आता जे तिथं बोललो नाही ते इथं लिहितो. चिठ्ठ्या मी उलगडल्या, मीच परत घड्या घातल्या. तीन चिठ्ठ्या हिरव्या शाईच्या होत्या. तिन्ही 'नको'. एकीवर तर खाली रेघ मारलेली, बँकेत मारायचे तशी दुहेरी.

शेंगाचटणी
म्हणजे ज्यांनी पहिले हात वर केले ते तिघंपण... अरे देवा

वर्गशिक्षिका
मला आज दिवसभर हसू येतंय आणि थोडं वाईटपण वाटतंय.

नुस्तं_वाचतो
मग मिरवणुकीला काय ठेवलंय?

होटगीरोडवाला
लेझीम. वर्गणी परत अकराशे. रोज रात्री साडेआठला पार्किंगमध्ये सराव, तीच पोरं शिकवतात आणि लई कडक आहेत. मला लेझीमचं एक पाऊल येत नाही, गुडघा दुखतो, पण भाऊ जातात, सेक्रेटरी जातात, चेअरमन काकापण हाफपँट घालून येतात, मग काय, मीपण जातो.